फायबरग्लासच्या घरगुती विमानाला रंग: मराठवाड्याच्या उन्हात टिकेल असा कसा निवडायचा

फायबरग्लासचं विमान बांधणारे बहुतेक जण रंगाचा विचार शेड कार्डापासून सुरू करतात. लाल घ्यायचा की निळा, पट्टा कुठून कुठे न्यायचा, यातच दोन आठवडे जातात. मग तो रंग ज्या दुकानात मिळाला तिथलाच प्रायमर, तिथलीच पुट्टी, आणि शेवटी ओळखीतला गाड्यांचा पेंटर. हा सगळा क्रम उलटा आहे. आधी खालचं इपॉक्सी (काचकापड घट्ट बांधणारं रेझिन) आणि फोम किती ताप सोसतं ते बघायचं, मग विमानाला किती वजन परवडतं ते, मग एकाच कंपनीचे प्रायमर, रंग, हार्डनर आणि थिनर ठरवायचे. शेडची पाळी सगळ्यात शेवटी, आणि विमानाच्या वरच्या बाजूपुरता तो प्रश्न सुटलेलाच असतो: पांढरा.

हे सगळं काचकापड, इपॉक्सी आणि आत फोमचा गाभा अशा रचनेसाठी आहे. बर्ट रुटान यांच्या व्हॅरीइझ, लाँग-इझी या विमानांच्या पठडीतली बांधणी. पत्र्याच्या किंवा कापड ताणलेल्या विमानाला यातलं निम्मं लागू नाही. डिझायनरच्या प्लॅन्समध्ये वेगळी सूचना असेल तर तीच अंतिम.

१. खाली काय आहे ते आधी लिहून काढा

एका वहीत प्रत्येक भागापुढे तीन गोष्टी लिहा: कोणतं इपॉक्सी आणि कोणता हार्डनर, आत कोणता फोम, आणि तो भाग पोस्ट-क्युअर केला होता का, म्हणजे सेट झाल्यावर मुद्दाम तापवून आणखी पक्का केला होता का. इपॉक्सीच्या डेटाशीटवर ‘टीजी’ म्हणून एक तापमान दिलेलं असतं. त्याच्या जवळ गेलं की कडक इपॉक्सी नरमायला लागतं. खोलीच्या तापमानाला सेट होणाऱ्या बऱ्याच इपॉक्सींचं टीजी ६० ते ८० अंशांच्या दरम्यान असतं, आणि डेटाशीटवरचा मोठा आकडा बहुधा पोस्ट-क्युअर केल्यानंतरचा असतो. नुसतं पत्र्याच्या शेडमध्ये सुकवलेल्या तुमच्या पंखाला तो लागू होत नाही. हॉट-वायरने कापलेला पॉलिस्टायरिन फोम साधारण ७५ अंशांच्या वर टिकाव धरत नाही.

आता हे आकडे परभणी-नांदेडच्या मे महिन्याशेजारी ठेवा. सावलीत ४३-४४ अंश, वारा पडलेला, विमान डांबरावर उभं. पांढरा रंग उन्हातली साधारण पाव उष्णता शोषतो, काळा नव्वद टक्क्यांच्या वर. अशा दुपारी पांढरा पृष्ठभाग ५५-६० अंशांवर थांबतो. काळा किंवा गडद निळा ८५-९० सहज गाठतो, म्हणजे इपॉक्सी आणि फोम दोघांच्याही मर्यादेपार. हवेत गेल्यावर पृष्ठभाग लवकर थंड होतो हे खरं, पण पंखावर भार येतो तो उड्डाणाच्या पहिल्या मिनिटालाच, तापलेल्या अवस्थेत.

पोस्ट-क्युअर करायचं असेल तर ते पुट्टीच्या आधी, पंख साच्यात किंवा नीट आधार देऊन, डेटाशीटप्रमाणे तापमान हळूहळू चढवत. गाभा पॉलिस्टायरिनचा असेल तर ६० अंशांच्या आसपासच थांबा. हा टप्पा वगळला की पहिल्या उन्हाळ्यात इपॉक्सी उन्हातच थोडं आणखी सेट होतं, आकसतं, आणि आरशासारख्या रंगाखालून कापडाची वीण उमटून दिसायला लागते. लोक मग रंगाच्या कंपनीला शिव्या देतात.

सावधान: वाळूज किंवा चिकलठाण्याच्या गाड्यांच्या पेंट बूथमध्ये काम दिलंत तर बेकिंगची गोष्ट पहिल्या दिवशी बोला. “साहेब, बूथमधी टाकतो, दोन तासांत मोकळं” हे वाक्य तिथे प्रेमानं म्हटलं जातं. गाडीच्या पत्र्याला ६०-८० अंश काहीच नाही. दोन टोकांवर टेकवलेला पंख तेवढ्यात वाकून बसेल. पावडर कोटिंगचा तर विचारही नको, त्याला १८० अंशांच्या पुढची भट्टी लागते.

२. गच्चीवर तुकड्यांची परीक्षा

विमानापुरता रंग विकत घेण्याआधी सहा तुकडे करा, १५ बाय १५ सेंटिमीटरचे. पंखावर आहे तोच फोम, तेवढेच कापडाचे थर, तीच पुट्टी, तोच प्रायमर, आणि वर प्रत्येकावर मनातली एकेक शेड. पाठीला फोम हवाच. नुसत्या काचकापडाच्या पत्र्याची उष्णता मागून निघून जाते, फोम लावलेल्या तुकड्याची अडकून पडते, आणि तुमचा पंख दुसऱ्या प्रकारचा आहे.

तुकडे बाराच्या सुमारास गच्चीवर ठेवा आणि दोन-अडीचला इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. रंगीत पृष्ठभागावर, पांढरा असो की काळा, हे यंत्र जवळपास सारखंच खरं बोलतं. चकचकीत धातूवर मात्र खोटं बोलतं, म्हणून तुकड्याखालच्या पत्र्यावर रोखू नका. ज्या शेडचा आकडा तुमच्या टीजीच्या १५ अंश खाली राहत नाही, ती शेड वरच्या पृष्ठभागावरून बाद. मोजणी डिसेंबरात केली असेल तर मेसाठी किमान १५ अंश वाढवून धरा.

त्याच तुकड्यांवर आणखी तीन तपासण्या उरकून घ्या:

रंग पूर्ण सुकल्यावर, म्हणजे आठवड्याने, ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर आडव्या-उभ्या रेघा मारून जाळी करा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर खालच्या थराची तयारी चुकली आहे.

पेट्रोलात भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा. मोटारीच्या पेट्रोलवर चालणारं इंजिन असेल तर ही परीक्षा सोडूच नका, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं. टाकीच्या झाकणाभोवती ते सांडणारच. सकाळी नखाने खरवडून बघा.

थिनरचा बोळा फिरवा. रंग बोळ्यावर उतरला तर तो टू-के (हार्डनर मिसळून सेट होणारा दोन भागांचा रंग) नाही, किंवा हार्डनर कमी पडलं आहे.

३. रंगाची जात ठरवा

एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे जुना ड्युको, स्वस्त आणि झटपट. लवचीक पंखावर तो तडकतो. सोडून द्या. सिंथेटिक इनॅमल गेटला आणि ग्रिलला ठीक. आपल्या उन्हात काही वर्षांत त्याची पावडर होते आणि नंतर त्यावर दुसरा चांगला रंग चढवायला गेलं की सुरकुत्या येतात.

घ्यायचा तो टू-के पीयू (पॉलियुरेथेन) किंवा टू-के अॅक्रिलिक युरेथेन, सिंगल स्टेज पांढरा. सिंगल स्टेज म्हणजे वर वेगळा क्लिअर कोट नाही. गाड्यांचे पेंटर बेस कोट आणि क्लिअर सुचवतील, कारण त्यांना त्याची सवय आहे आणि चमक जास्त येते. तुम्हाला मात्र एका थराचं वजन फुकट उचलावं लागतं आणि पुढे डागडुजीही अवघड होते.

मेटॅलिक शेड घेऊ नका. फायबरग्लास विमानात रेडिओचा अँटेना बहुतेकदा पंखाच्या किंवा शेपटीच्या आत, कापडाखाली चिकटवलेला असतो. काच रेडिओ लहरी जाऊ देते म्हणूनच तो तिथे ठेवता येतो. अॅल्युमिनियमच्या कणांचा रंग त्यावर चढला की अँटेनाचं ट्युनिंग बिघडतं.

प्रायमर इपॉक्सी किंवा टू-के युरेथेनचा, आणि तो अतिनील किरण अडवणारा हवा. उन्हातले अतिनील किरण इपॉक्सीला पिवळं आणि ठिसूळ करतात. पारदर्शक काहीही त्यावर पुरेसं नाही. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा कार्बन ब्लॅक भरलेला अपारदर्शक थर लागतो. प्रायमर पांढरा किंवा फिका राखाडी घ्या. काळा प्रायमर पांढऱ्या रंगाने झाकला जाईपर्यंत दोन हात जास्त लागतात.

तपासणी: प्रायमर, टॉपकोट, हार्डनर आणि थिनर या चारही डब्यांवर एकाच कंपनीचं नाव आहे का? “हार्डनर सगळे सारखेच” असं सांगणाऱ्या दुकानदाराकडून काही घेऊ नका.

४. वजनाचा हिशेब, डबा उघडण्याआधी

दोन माणसांच्या छोट्या विमानाचा बाहेरचा सगळा पृष्ठभाग ३५ चौरस मीटर धरू. घासून उरलेला प्रायमर ७५ मायक्रॉन: सुमारे ४ किलो. टॉपकोट ६० मायक्रॉन: पावणेतीन किलो. म्हणजे नीट काम झालं तर रंगाचं वजन सात किलोच्या आत. त्यापुढचा २५ मायक्रॉनचा प्रत्येक जादा हात म्हणजे किलोभर.

खरा घोटाळा पुट्टीत होतो. सरासरी अर्धा मिलिमीटर थर धरला, तर इपॉक्सीत काचेचे पोकळ गोळे म्हणजे मायक्रोबलून मिसळलेली पुट्टी साधारण नऊ किलो भरते. तेवढ्याच जागी गाडीची पॉलिस्टर पुट्टी तीस किलोच्या पुढे जाते. शिवाय ती इपॉक्सीवर नीट धरत नाही, आणि तिच्यातलं स्टायरिन एखाद्या छिद्रातून पॉलिस्टायरिन फोमपर्यंत पोचलं तर आतून खड्डा पडतो. पेंटर ती विचारल्याशिवाय वापरतात, कारण आयुष्यभर तीच वापरली आहे. डबा शेडमध्ये येऊच देऊ नका.

५. पृष्ठभागाची तयारी

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि इथेच लोक घाई करतात. रंगाचं काम शंभर तासांचं असेल तर त्यातले नव्वद तास पेपर घासण्याचे.

पहिली गोष्ट: तपासणी आधी, पुट्टी नंतर. काचकापड पारदर्शक आहे तोवरच कोरडे पांढरे डाग आणि अडकलेले हवेचे बुडबुडे दिसतात. एकदा पुट्टी चढली की कोणालाच काही दिसत नाही, तपासायला आलेल्या अधिकाऱ्यालाही नाही. प्रत्येक भागाचे उजेडात फोटो काढून ठेवा.

दुसरी: धुणं आधी, घासणं नंतर. सेट झालेल्या इपॉक्सीवर मेणचट, किंचित चिकट थर येतो, विशेषतः दमट हवेत. तो पाण्यात विरघळतो, थिनरमध्ये नीट विरघळत नाही. आधीच पेपर मारला तर तो थर ओरखड्यांत जाऊन बसतो आणि पुढचं काहीही धरत नाही. पाणी आणि हिरवा स्क्रबर घ्या, भाग जरा मोठा असेल तर दोनदा धुवा.

आता पाण्याचं. मराठवाड्यात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारांचं. नळाच्या तोटीवर पांढरं साचतं तेच. हे पाणी पृष्ठभागावर वाळलं की क्षार मागे राहतात. रंगाखाली अडकलेले क्षार पहिल्या पावसाळ्यात ओलावा ओढून घेतात आणि बारीक फोड येतात. शेवटची धुलाई आरओच्या जारने किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा, आणि वाळू देण्याऐवजी स्वच्छ सुती फडक्याने टिपून घ्या.

वीण भरण्यासाठी पुट्टी दाट श्रीखंडासारखी कालवा, उलथ्यावरून ढळणार नाही इतपत. कापडावर आधी पातळ इपॉक्सीचा अगदी हलका हात फिरवा, मगच पुट्टी. जाड ठिकाणी एकदम भरू नका.

घासायला हातभर लांब सपाट फळी घ्या, तिला ८० नंबरचा पेपर चिकटवा आणि तिरप्या दिशेने, एकदा या बाजूने एकदा त्या, चालवा. हाताने किंवा छोट्या ठोकळ्याने घासलं की खड्डे तसेच राहतात, फक्त गुळगुळीत होतात. उंचवटे कळण्यासाठी काळ्या स्प्रेचा नुसता शिडकावा मारा. फळी जिथे लागत नाही तिथे काळे ठिपके उरतात. ८० नंतर १२०, मग १८०.

सावधान: घासताना पुट्टीतून काचकापडाचे धागे दिसायला लागले की तिथेच हात थांबवा. एक थर जेमतेम पाव मिलिमीटरचा असतो आणि पंखाची ताकद त्यातच आहे. उंचवटा काढण्यासाठी कापड कापायचं नाही; आजूबाजूला पुट्टी भरून पातळी वर आणायची.

राहिली टाचणीएवढी छिद्रं. प्रायमर मारल्यावर ती झाकल्यासारखी वाटतात, पण आत हवा असते आणि उन्हात ती फुगून बाहेर येते. उपाय कंटाळवाणा आहे: निव्वळ इपॉक्सी रबरी पट्टीने ताणून पातळ ओढायची, सेट झाली की हलका पेपर, पुन्हा एक हात. टॉर्च पृष्ठभागाला समांतर धरून बघा; छिद्राची सावली लांब पडते. सगळी छिद्रं बंद होईपर्यंत ओला पेपर वापरू नका, पाणी फोममध्ये जातं.

डोक्याला तेल लावून शेडमध्ये काम करणारा माणूस दर दहा मिनिटांनी कपाळ पुसतो आणि तोच हात पंखावर ठेवतो. गाडीचं पॉलिश आणि टायर चमकवायचं सिलिकॉनही तसंच. रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात ती यातूनच.

६. महिना आणि जागा

जून ते सप्टेंबर नको. टू-के हार्डनरमधलं आयसोसायनेट ओलाव्याशी भांडतं, वायू सुटतो, रंगात बुडबुडे राहतात. एप्रिल-मे सुद्धा नको. गनमधून निघालेला थेंब पंखावर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात हे आपल्याकडचे बरे दिवस. डिसेंबर-जानेवारीत दुपार चांगली असते, पण रात्री १०-१२ अंशांवर हार्डनर झोपतो, त्यामुळे सकाळी दहाला सुरू करून तीनपर्यंत हात संपवा.

जागा बघताना भोवतालचं शिवार बघा. जवळ जिनिंग असेल तर कापसाचे तंतू उडतात. उसाचा पट्टा असेल तर तोड झाल्यावर पाचट पेटवतात आणि त्याची काजळी मैलभर येते. शेतकऱ्याला आधी विचारून दिवस ठरवलेला बरा. शेडच्या पत्र्याखाली आणि चारही बाजूंनी प्लास्टिक लावा, आदल्या रात्री जमिनीवर पाणी मारा आणि सकाळपर्यंत वाळू द्या. वीज जाण्याचं वेळापत्रक माहीत करून घ्या. अर्ध्या पंखावर कॉम्प्रेसर बंद पडला तर तो जोड दिसतोच.

७. प्रायमर

फडक्याने, कंपनीच्याच क्लिनरने पुसा. एक ओलं फडकं, लगेच मागून एक कोरडं. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, आधीच कागद आणि चांगल्या टेपने पूर्ण बंद केलेली हवी. अॅक्रिलिकला थिनरची वाफ लागली तरी बारीक चिरा पडतात. हवेचा वेग आणि दाब मोजणारी पिटो नळी, स्टॅटिकची भोकं आणि पाणी निचरण्याची भोकं टेपने बंद करा, आणि कोणती बंद केली त्याची यादी शेडच्या दारावर लावा.

प्रायमरचे दोन पूर्ण हात, मध्ये डब्यावर लिहिलेली वेळ. मग ३२० आणि शेवटी ४०० नंबर. कुठे पुट्टी उघडी पडली तर तेवढ्यावर पुन्हा प्रायमर.

सावधान: टू-के फवारताना साधा कापडी मास्क म्हणजे काहीच नाही. आयसोसायनेटचा वास येत नाही, आणि एकदा दम्यासारखा त्रास जडला की पुढे थोड्या वाफेनेही उसळतो. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि ती हवा गनच्या तेलकट कॉम्प्रेसरची नको. ते जमत नसेल तर बूथ आणि साधनं असलेल्या पेंटरला पैसे देऊन फवारणी करून घ्या. घासणं तुम्ही करा.

८. टॉपकोट

एचव्हीएलपी (कमी दाबाची) गन, पाण्याचा सापळा लावलेली एअर लाईन, गरम दिवसाला स्लो थिनर. पहिला हात हलका, धुक्यासारखा, मग एक पूर्ण ओला, मग दुसरा पूर्ण ओला. तिथे थांबा. “अजून एक मारू का, काच येईल” असं पेंटर विचारेल तेव्हा त्याला चौथ्या टप्प्यातला किलो सांगा.

एलेरॉन, एलिव्हेटर, रडर हे विमान वळवणारे हलते भाग (कंट्रोल सरफेस) विमानावरून काढून वेगळे टांगून रंगवा. रंग ओघळला तर ओला असताना हात लावू नका. आठवड्याने पेपर आणि बफिंगने निघतो.

९. पट्टे आणि अक्षरं

गडद पट्टा हवाच असेल तर उभ्या बाजूंवर आणि खाली. पंखाच्या आणि कॅनार्डच्या (नाकाजवळच्या छोट्या पंखाच्या) पुढच्या कडेजवळ पट्ट्याची कड येऊ देऊ नका. टेप काढल्यावर उरलेली बारीक पायरी तिथे हवेचा गुळगुळीत प्रवाह मोडते, आणि कॅनार्डच्या विमानात याचा परिणाम नाकाच्या तोलावर जाणवू शकतो.

व्हीटीने सुरू होणारं नोंदणीचिन्ह पट्ट्याच्या आधी आखा. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या अॅनेक्स ७ प्रमाणे पंखाखाली अक्षरं किमान ५० सेंटिमीटर आणि धडावर किंवा उभ्या शेपटीवर ३० सेंटिमीटर उंच. छोट्या धडावर ती मावत नसतील तर डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) लेखी उत्तर घ्या, मगच स्टेन्सिल कापा.

१०. वजन आणि तोल पुन्हा

रंगाला सात दिवस द्या. मग प्रत्येक कंट्रोल सरफेस बिजागरीवर टांगून मास बॅलन्स, म्हणजे बिजागरीच्या पुढच्या-मागच्या वजनाचा तोल, तपासा. बिजागरीच्या मागे गेलेला शंभर ग्रॅम रंगसुद्धा तोल प्लॅनच्या मर्यादेबाहेर नेऊ शकतो, आणि त्यातून उडताना फ्लटर, म्हणजे त्या भागाची जोरदार फडफड, सुरू होऊ शकतो. मर्यादेबाहेर असेल तर आधी मागच्या कडेचा जादा थर घासून काढा. पुढे वजन वाढवायचं तर डिझायनरने सांगितलं तेवढंच. दुरुस्तीचा रंग लावला की हीच तपासणी पुन्हा, छोटा ठिगळ असला तरी.

त्यानंतर पूर्ण विमान तीन काट्यांवर. रंगाआधीचं वजन, रंगानंतरचं वजन आणि गुरुत्वमध्य लॉगबुकात जातो. दारावरची यादी घेऊन टेप लावलेलं प्रत्येक भोक उघडा, स्टॅटिकच्या भोकाभोवती रंगाची कड राहिली असेल तर ती काढा, आणि निचऱ्याच्या भोकांतून सुतळी घालून बघा. शेवटी डब्यावरचा शेड कोड, बॅच नंबर आणि हार्डनरचं प्रमाण लॉगबुकाच्या मागच्या पानावर लिहा. पाव लिटर रंग हार्डनर न घालता, घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या थंड खोलीत ठेवा. हार्डनर मात्र नवा घ्यायचा, उघडलेला दुसऱ्या वर्षी चालत नाही.